एक्केचाळीस नंबरची बाटली

“हा कागद तुमचाच ना? मग आता उकळून प्या म्हणता ते कुठल्या तोंडानं?”

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्यातल्या फळ्यावरचा कागद टाचणीसकट उपटला आणि माझ्या नाकासमोर धरला. वर पाणीपुरवठा खात्याचा शिक्का. मधे ठळक अक्षरांत, ‘शहरातील सर्व नमुने पिण्यास योग्य आढळले.’ खाली दोन सह्या. उजवीकडे केमिस्टची आणि डावीकडे, ‘नमुना घेणार’ या शब्दांपुढे, माझी. चांगली वळणदार, पूर्ण नावाची. मी सही कधी गिचमिड करत नाही.

“सही माझीच आहे,” मी म्हटलं. “पण त्या नमुन्यांत तुमच्या नळाचं पाणी नव्हतं.”

“इथे तर लिहिलंय, सर्व.”

“लिहिलंय ते चूक आहे.”

“म्हणजे तुम्ही खोट्यावर सही केलीत?”

तिच्या गळ्यात माप घ्यायची फीत होती आणि पोट एवढं पुढे आलेलं, की दार अडवायला हात लावायची गरज नव्हती. सहावा महिना संपत आला होता. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी भाची राहते. तिला सातवा. दोन दिवसांपूर्वी तिचे डोळे पिवळे झाले आणि तिला हॉस्पिटलात हलवलं. पाण्यातून होणारी ही कावीळ पोटुशी बाईला झाली तर दहातल्या दोघी परत घरी येत नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि ही शिंपीणबाई त्याच पाइपाचं पाणी रोज तांब्या तांब्या पीत होती.

“तुम्ही एवढं सांगताय तर आज उकळीन,” ती जरा नरमून म्हणाली. “पण रोजचं कसं जमायचं? शिवणकाम आहे, घरात सहा माणसं पाणी पिणारी. गॅस काय झाडाला लागतो? आणि मी उकळलं तरी वरचे उकळणार आहेत का? खात्यानं एकदा नीट कागद लावावा, पाणी वाईट आहे म्हणावं. मग सगळी बिल्डिंग उकळेल.”

तिनं तो कागद परत फळ्यावर लावला. कोपरे नीट बसवून, अगदी सरळ.

“तोवर हा खरा,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तळपायाची आग मस्तकात जाणे, याचा वाक्यात उपयोग मी शाळेत कितीदा केला असेल. त्याचा अर्थ मला त्या जिन्यात कळला. आणि मजा म्हणजे राग तिच्यावर नव्हताच. ती बरोबरच बोलत होती.

मी पाण्याचे नमुने गोळा करते. एकतीस वर्षं झाली. ऑफिसात मला बाटलीबाई म्हणतात. नवीन कारकुनाला ते ऐकून हसू येतं, मग महिन्याभरात तोही म्हणायला लागतो. सकाळी सातला बर्फ घातलेली पेटी घेऊन निघायचं. ठरलेल्या नळापाशी जायचं, नळाचं तोंड पुसायचं, स्पिरिटच्या बोळ्यानं ते जाळून घ्यायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. मग बाटलीवरचा खाकी कागद सोडायचा आणि आतल्या कडेला बोटाचा स्पर्शही न होता ती भरायची. बूच लावायचं, चिठ्ठी लिहायची, बर्फात ठेवायची. शिवाय एका काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन इथवर पोचलंय. एकतीस वर्षांत माझी एकही बाटली केमिस्टनं परत पाठवली नाही. मी स्वतःचं कौतुक करते आहे असं वाटेल. तर करते आहे. करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे.

आमच्या घरात कुणी पाणी उकळत नाही. तो माझा हुकूमच होता. माझी धाकटी बहीण पहिल्यापासून भित्री, तिला उकळावंसं वाटायचं. मी तिला हसायचे. भाची लग्नानंतर खाणीमागच्या नव्या वस्तीत राहायला गेली आणि दिवस गेल्यावर तिनं मला फोन केला.

“मावशी, इथे बायका म्हणतात पाणी उकळून पी. उकळू का गं?”

“शहराचं पाणी तपासतं कोण?”

“तू.”

“मग? तुझी मावशी ऑफिसात काय गवत उपटते का? खुशाल गार पाणी पी.”

ती हसली. मीही हसले. तो फोन मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

आता यादीचं सांगते. शहरात नमुन्याची ठिकाणं चौसष्ट. ही यादी एकोणीस वर्षांपूर्वी झाली. तेव्हा शहर अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपाशी संपायचं. शेवटच्या बंगल्याच्या बागेतला नळ म्हणजे एक्केचाळीस नंबर. त्यापलीकडे दगडाची खाण आणि खाणीपलीकडे नुसती झुडपं. आज त्या झुडपांच्या जागी चाळीस हजार माणसं राहतात. त्यांना पाणी कुठून मिळतं? त्याच एक्केचाळीसच्या पाइपाला पुढे तुकडे जोडत जोडत नेलंय. एक इमारत उभी राहिली की एक तुकडा. कुणी लोखंडाचा जोडला, कुणी प्लॅस्टिकचा, कुणी रस्त्याकडेनं नेला, कुणी गटारातून. शहर वाढलं, पाइप वाढला. यादी तेवढी वाढली नाही.

आणि मी? मी एकोणीस वर्षं त्या बागेतून बाटली भरून मागे फिरत होते. एक्केचाळीसचं पाणी चांगलं म्हणजे पुढचंही चांगलंच, असं मी धरून चालले होते. पाणी रोज दोन तास येतं आणि बावीस तास पाइप रिकामा असतो. रिकामा पाइप फुटका असेल तर बाहेरची घाण आत ओढून घेतो, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. नव्या लोकांना मीच ते शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

भाचीला हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाची बाटली भरली होती. थेंब टाकले, पाणी पिवळं झालं नाही. पांढरंच राहिलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्या पाण्याच्या पाचही नळ्यांत बुडबुडे धरले होते. बुडबुडे म्हणजे जंतू, आणि तेही मैल्यातले. शिंपीणबाईच्या दारातून मी तडक तिथे गेले, तेव्हा केमिस्टबाई त्या नळ्यांकडे बघत बसली होती. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार आणि घाबरट.

“बाई, याला नंबर काय देऊ?”

“पासष्ट द्या.”

“कॉम्प्युटर घेत नाही. चौसष्टच्या पुढे त्यात जागाच नाही.”

“मग वहीत लिहा.”

“वह्या बंद झाल्या ना दोन वर्षांपूर्वी.”

“मग कपाळावर लिहा माझ्या!”

बिचारीनं नळ्यांचा स्टँड माझ्याकडे सरकवला. तिनं नव्या ठिकाणांचे दोन प्रस्ताव पाठवले होते, दोन्ही कुठेतरी भिजत पडले होते. तिसरा पाठवायचा धीर तिला झाला नव्हता. मी त्या नळ्या स्टँडसकट उचलल्या आणि साहेबांच्या केबिनमधे गेले.

आमचे साहेब कधी ओरडत नाहीत. ओरडणारा साहेब परवडतो, त्याच्याशी ओरडून बोलता येतं. हे बसा म्हणतात, चहा घेणार का विचारतात आणि गोड बोलून माणसाला दारापर्यंत पोचवतात.

“बाई, यादीबाहेरचा नमुना म्हणजे नमुनाच नव्हे. तो तुमचा छंद झाला.”

“त्या छंदात माझी भाची मरायला टेकलीय, साहेब.”

“ऐकून वाईट वाटलं. खरंच. पण असं घरगुती आणायला लागलो तर कसं व्हायचं? उद्या कुणी म्हणेल, माझ्या नणंदेच्या घरचं पाणी बघा.”

“खाणीमागच्या सगळ्यांच्याच घरचं बघा म्हणतेय मी. तिच्या इमारतीत अजून तिघी पोटुशा आहेत. लाइन बंद करा, टँकर लावा. फुटलं कुठे ते मग शोधा.”

“कशाच्या आधारावर बंद करू? नवीन ठिकाण घालायचं तर प्रस्ताव, मग समिती. तीन महिने धरा. तोवर माझ्याकडे जो रिपोर्ट आहे तो ‘सर्व योग्य’ म्हणतो.” त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. “सही तुमचीच आहे.”

एकाच सकाळी माझी सही मला दुसऱ्यांदा दाखवली गेली.

“आणि दुसरं म्हणजे,” साहेब आणखी हळू आवाजात म्हणाले, “बाटलीच्या तोंडाला बोट लागलं नसेल कशावरून? वय झालं की हात कापतात. होतं असं. कुणी तुम्हाला दोष देणार नाही.”

सिनेमात असते तर मी ते पाणी पेल्यात ओतून ‘घ्या, प्या’ म्हटलं असतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण पाणी सगळं नळ्यांत गेलं होतं, आणि साहेबांच्या टेबलावर त्यांची घरून आणलेली बाटली होतीच. ते खात्याचं पाणी पीत नाहीत हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. मी नळ्या उचलल्या. दारापर्यंत एकही नळी हिंदकळली नाही.

दुपारी हॉस्पिटलात गेले तर बहीण कॉरिडॉरमधल्या बाकावर एकटी बसली होती. मी शेजारी टेकले.

“गेलं बाळ,” ती म्हणाली. “सकाळीच. मुलगी होती.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं खांदा आखडून घेतला.

“आणि ती कशी आहे?”

“शुद्ध येते, जाते. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले.” मग समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, “ताई, मी तिला म्हटलं होतं उकळ म्हणून. ती म्हणाली, मावशीला विचारलंय.”

मी उठले आणि खोलीच्या दाराकडे वळले.

“आत जाऊ नकोस.”

“नुसती बघून येते.”

“नको. ती जागी झाली तर तुला विचारेल. मग तू उत्तर देशील. तुझ्याकडे कायम उत्तर असतं. मला ते ऐकायचं नाहीये.”

ती मोठ्यानं बोलली नाही. लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर न गेलेली बहीण ही. मी तशीच जिना उतरले. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. साहेबांचा, यादीचा, त्या कॉम्प्युटरचा, ज्यांनी गटारातून पाइप नेला त्यांचा, आणि गार पाणी पी म्हणणाऱ्या एका शहाण्या बाईचा. शेवटचा सगळ्यात जास्त. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं. शेंडी तुटो की पारंबी.

सात वाजता पेटी घेऊन निघाले ती आधी खाणीमागे गेले. शिंपीणबाईंनी दार उघडलं.

“परत तुम्ही?”

“तुमच्या नळाचं पाणी हवंय. एक बाटली.”

तिनं मला आत घेतलं. मी नळ पुसला, जाळला, दोन मिनिटं पाणी सोडलं. ती पोटावर हात ठेवून सगळं बघत होती. मी बाटलीवरचा कागद सोडला, बाटली भरली, बूच बसवलं.

“एवढं सगळं करता तुम्ही?”

“रोज.”

“मग आमच्याकडे कधीच का नाही आलात?”

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेटी बंद केली आणि तिला एवढंच म्हटलं, “आजचा दिवस उकळाच.”

बाहेर येऊन कट्ट्यावर बसले आणि चिठ्ठी काढली. आमच्या कामात सगळी मदार चिठ्ठीवर. बाटली कितीही स्वच्छ धुवा, नळ कितीही जाळा, पाणी एकीकडचं आणि चिठ्ठी दुसरीकडची असेल तर सगळं मुसळ केरात. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, की घाईनं चूक झाली तर बाटली फेक, पण चिठ्ठी खोटी लिहू नकोस. एकतीस वर्षांत किती चिठ्ठ्या लिहिल्या याचा हिशोब नाही. त्यातली एकही खोटी नव्हती.

मी लिहिलं, ठिकाण क्रमांक एक्केचाळीस. तारीख टाकली. सही केली, वळणदार, पूर्ण नावाची.

मग रोजच्याप्रमाणे बंगल्याच्या बागेत गेले, कारण न जाऊन चाललं नसतं. म्हाताऱ्या माळ्यानं फाटक उघडलं, चौकशी केली. मी त्याच्या वहीत वेळ लिहिली आणि निघाले.

“बाई, आज बाटली नाही भरली?” त्यानं मागून विचारलं.

“भरली,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला केमिस्टबाईनं मला आत बोलावलं. पाचही नळ्यांत बुडबुडे होते. ती एकदा नळ्यांकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

“एक्केचाळीस?”

“चिठ्ठीवर काय लिहिलंय?”

“एक्केचाळीस.”

“मग झालं तर.”

“परवा असेच बुडबुडे बघितले होते मी,” ती हळूच म्हणाली. “बाई, बोट तर लागलं नसेल ना?”

“नाही.”

मग तिनं कॉम्प्युटर पुढे ओढला आणि एक्केचाळीससमोर ‘अयोग्य’ असं भरलं. घाबरट म्हणाले ना मी तिला? ते मागे घेते.

पुढे जे झालं ते बघून मला हसावं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी ते कळेना. पडद्यावरची ओळ लाल झाली. सहा अधिकाऱ्यांना आपोआप निरोप गेले. चाळीस हजार माणसांची कावीळ ज्या कॉम्प्युटरात शिरायला तयार नव्हती, त्यानं एका बागेच्या नळासाठी आकाशपाताळ एक केलं. एक वाजायच्या आत बंगल्यांपासून पुढची सगळी लाइन बंद झाली. दोन वाजता टँकर निघाले. गाडीवर भोंगा लावून खाणीमागे सांगत फिरले, नळाचं साठवलेलं पाणी फेकून द्या, उकळल्याशिवाय थेंब पिऊ नका. साहेब स्वतः भर उन्हात बागेत उभे होते. बंगल्यातल्या कुत्र्यालासुद्धा त्या दिवशी बाटलीबंद पाणी पाजलं, असं माळी सांगत होता. संध्याकाळी मी मुद्दाम वस्तीत गेले. शिंपीणबाईच्या जिन्यातल्या फळ्यावर नवा कागद होता, पाणी पिण्यास अयोग्य. सगळ्या मजल्यांवरून भांड्यांचे आवाज येत होते. चार तास. इतकंच लागत होतं. मनात आणलं तर इतकंच लागतं.

त्याच संध्याकाळी बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. भाची पूर्ण शुद्धीवर आली होती, डॉक्टर आता ती वाचेल म्हणाले. बहिणीनं फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला पाठवून बागेतल्या नळाचं पाणी पुन्हा तपासलं. स्वच्छ निघालं. साहेबांनी माळ्याला विचारलं आणि माळ्यानं खरं तेच सांगितलं, की बाईंनी त्या दिवशी नळ सोडलाच नव्हता. साहेबांनी मला बोलावलं. या खेपेला बसा म्हणाले नाहीत.

“पाणी कुठलं होतं?”

“खाणीमागचं. तुमच्या भाषेत, छंदाचं.”

“हे खोटं कागदपत्र झालं, बाई. कळतंय का तुम्हाला? आठ महिने राहिलेत निवृत्तीला. हात दाखवून अवलक्षण कशाला केलंत?”

“लाइन बंद झाली ना?”

“ती मी आत्ता सुरू करू शकतो.”

“करा. पण शेवटच्या बंगल्यातल्या मोठ्या साहेबांनी तुमच्याकडे लेखी कारण मागितलंय म्हणे. बुडबुडे आले कुठून? ते लिहून दिल्याशिवाय ते तुम्हाला चावी फिरवू देतील का?”

साहेबांनी पुढ्यातली फाइल मिटली. माझ्या बोलण्यापेक्षा बंगल्यातला आवाज त्यांना जास्त स्पष्ट ऐकू येतो, हे मी मनात धरलंच होतं.

“खाणीमागे पाइप गटार ओलांडतो तिथे खणा,” मी म्हटलं. “तुम्हाला कारण सापडेल. मोठ्या साहेबांना दाखवायला फोटोपण निघेल.”

“आणि तुम्ही लिहून द्या, नमुना घेताना माझ्याकडून चूक झाली.”

मी तिथेच बसून लिहिलं. ‘एक्केचाळीस क्रमांकाच्या बाटलीत मी दुसऱ्या नळाचे पाणी भरले. हे मी जाणूनबुजून केले. त्या नळाकडे मी एकोणीस वर्षे गेले नाही, ती चूक याहून मोठी आहे.’ साहेबांनी वाचलं आणि शेवटचं वाक्य खोडा म्हणाले. मी नाही खोडलं.

दुपारी हुकूम हातात आला. नोकरी गेली नाही. आठ महिन्यांसाठी कुणी एवढी चौकशी करत बसत नाही. मला बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं होतं, आणि खाली एक ओळ होती, ‘यांनी घेतलेला कोणताही नमुना यापुढे ग्राह्य धरू नये.’ ती ओळ मी तीनदा वाचली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं केमिस्टबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, बाई गं, मी काही संन्यासी नाही. चिठ्ठी मीच खोटी लिहिली. पण त्या ओळीनं घाव घातला, तो घातलाच. माझी पेटी दुसऱ्या दिवशी एक नवीन माणूस घेऊन गेला. बर्फ त्यानं कमी घातला होता.

खणायला सुरुवात झाली त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. गटाराच्या कडेला शंभरेक माणसं जमली होती. फिटर लोकांनी पाइपाचा तुकडा कापून वर काढला आणि रस्त्यावर ठेवला. जोडापाशी मूठ जाईल एवढं भोक होतं. कुणीतरी कधीतरी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती, ती कुजून लोंबत होती. आत काळा गाळ बसलेला. एका बाईनं वाकून आत बघितलं आणि तोंडावर हात घेऊन ती मागे झाली.

“तपासणारे काय झोपले होते काय?” एक म्हातारा ओरडला. “कागद लावून जातात मेले, सर्व योग्य, सर्व योग्य!”

“त्यांना म्हणावं या आणि प्या आता हे!”

माझ्या गळ्यात खात्याचं ओळखपत्र होतं. आत सरकवता आलं असतं.

“तपासणारी मी,” मी म्हटलं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं. मग जे काही सुरू झालं ते सगळं लिहीत नाही. एकीची जाऊ तीन आठवड्यांपूर्वी गेली होती, आठव्या महिन्यात. एकाची आई गेली होती. म्हाताऱ्याची सून अजून अंथरुणाला खिळलेली. ते एकेक करून मला सांगत होते, ओरडत होते, आणि म्हातारा माझ्या पायापाशी थुंकला. लाइन बंद करायला मीच लावली, हे मी बोलले नाही. साहेबांच्या केबिनमधे मला बोलायचं होतं. इथे ऐकायचं होतं. मी सगळ्यांचं होईपर्यंत उभी राहिले.

गर्दीच्या मागून माझी बहीण येताना दिसली. भाचीच्या घरी जाऊन आली असावी, हातात दोन कापडी पिशव्या होत्या. लोकांनी तिला वाट दिली, कारण तिची मुलगी कोण हे आता वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. ती त्या पाइपापाशी थांबली. खूप वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे आली आणि दोहोंतली एक पिशवी तिनं माझ्यापुढे केली.

“धर.”

हॉस्पिटलातल्या त्या दुपारनंतर ती माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी पिशवी घेतली. आत टोपडी, झबली, तळहाताएवढे मोजे, सगळं घडी घालून एकावर एक रचलेलं.

“उद्या घरी सोडतायत तिला,” बहीण म्हणाली. “त्याआधी हे हलवायला हवं. दिसायला नको तिला.”

ती पुढे चालायला लागली आणि मी तिच्या मागून. ती पिशवी एका बोटाला अडकवता आली असती, इतकी हलकी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली.